दांडीवरचे हात

बाई, काल आमच्या नातीनं मला उंदीर दाखवला. खरा नव्हे, कॉम्प्युटरातला. पोरगी औषधांच्या कॉलेजात शिकते आणि त्यांच्याकडं आता पिंजरे नाहीत, भुसा नाही, वास नाही, सगळं पडद्यावर. बटण दाबलं की सुई येते, उंदराच्या अंगात औषध जातं, मग त्याचे पुढचे दोन पाय आडव्या दांडीवर ठेवायचे आणि बघायचं, उतरतो का तसाच राहतो. "आज्जी, तू ह्येच करायचीस व्हय गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "करायच्या आमच्या बाई. मी उंदीर आणून द्यायचो आणि भुसा बदलायचो." बाई, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं कुणाला सांगितलं की नाकं मुरडायचे, उंदरांची राखण हे काय काम झालं का म्हणून, आणि आता माझीच नात तेच शिकायला रोज बस धरून जाते. हसून हसून माझी कवळी सैल झाली. मग ती चहा ठेवायला आत गेली आणि पडद्यावरचा उंदीर तसाच राहिला, दांडीवर हात ठेवून, माझ्याकडं बघत. त्याला उतरवायचं दुसरं औषध द्यायला ती विसरून गेली होती. भरदुपार, घरात लख्ख ऊन, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले.

लिहायला बसले म्हणते खरी, पण शाळा तिसरीपर्यंतची, तीही गडमुडशिंगीत, निम्मा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन. लिहायला खरं तुम्हीच शिकवलंत, पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावाव्या लागायच्या म्हणून. तुम्ही पुण्याकडच्या. मी "आलो", "गेलो" म्हटलं की चष्म्यावरून बघायचात, "अगं, बाईमाणूस ना तू?" आणि मी म्हणायचे, "बाई, आमच्या कोल्हापुरात बायकाबी येतो-जातोच म्हणत्यात. त्यानं काय मिशा येत न्हाईत." तेव्हा तुम्ही हसला होता. तुमचं हसणं तसं कमीच, म्हणून लक्षात राहिलंय. बोलताना मी अजून माझंच बोलते, पण कागदावर तुमच्या शिस्तीनं आले-गेले करते. चुकलं तर चष्म्यावरून बघा.

उंदरांची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला, पेरूच्या झाडाखाली. पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहिले होते, पदर नाकाला लावून. तुम्ही एक पांढरा उंदीर उचलून माझ्या ओंजळीत ठेवलात आणि म्हणालात, "तू नाही घाबरलेली. घाबरलाय तो." बघते तर खरंच, एवढासा जीव, लाल मण्यांसारखे डोळे, आणि काळीज असं धडधडतंय जसं शिवणाचं मशीन. त्या दिवसापासून ते माझे पाहुणे झाले. सकाळी दार उघडलं की मी म्हणायचे, "काय पावणं, जेवलासा का?" आणि सगळे जाळीला नाकं लावायचे. भिजवलेले हरभरे घालायचे त्यांना, तुम्ही नसताना गुळाचा खडाही एखादा. ते जाऊ दे. दांडीचं सांगते.

दांडी म्हणजे लाकडी, वीतभरापेक्षा कमी उंचीवर आडवी बसवलेली. औषध न दिलेला उंदीर तिच्यावर हात ठेवून उभा केला की लगेच उतरायचा, शेपूट उडवून चालायला लागायचा, लहान पोराला नको तिथं बसवल्यासारखा. पण पहिलं औषध दिलेला उंदीर उतरायचा नाही. जसा ठेवला तसा. पुढचे हात दांडीवर, मागचे पाय फरशीवर, मान वर, डोळे उघडे. मिशीचा केसही हलायचा नाही, नुसतं पोट वरखाली. तुम्ही त्याचा एक हात उचलून सोडायचात, तर तो हात सोडला तिथंच हवेत राहायचा. मेलेले उंदीर मी पुष्कळ पाहिलेले, त्याचं काही वाटत नसे. हा जिवंत होता. एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही, मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "उतर की रं बाबा, किती येळ." तुम्ही हातातल्या बटणाच्या घड्याळावरची नजर न काढता कडाडलात, "बोलू नकोस त्यांच्याशी! आवाजानं सगळं बिघडतं. आणि त्याला काही कळत नाहीये." बिघडतं ते मला पटलं. त्याला कळत नाही, हे मात्र घरी जाताना वाटभर डोक्यात राहिलं.

नंतर तुमचा राग उतरल्यावर तुम्हीच समजावून सांगितलंत. हे औषध माणसांचंच, ज्यांना नसलेलं ऐकू येतं, दिसतं, त्यांचं. डोक्यातला गलका-कालवा शांत करतं, पण जादा झालं तर अंगही बांधून टाकतं. मग दुसरं औषध द्यायचं, अंगाची गाठ सुटते. मी विचारलं होतं, "मग सगळ्यास्नी दुसरंबी भरपूर द्यावं की." तेव्हा तुम्ही मला ती घंटीची पेटी दाखवलीत. पेटीत मधोमध एक खांब. घंटी झाली की थोड्या वेळानं पायाखाली विजेच्या झिणझिण्या येतात, हे उंदराला शिकवलेलं, त्यामुळं घंटी वाजली की तो आधीच खांबावर. पहिलं औषध दिलं की घंटी ऐकूनही बसून राहतो. दुसरं जोडीला दिलं की अंग मोकळं होतं खरं, पण कधी कधी घंटीला परत पळायलाही लागतो. "गाठ सुटते तेव्हा आपल्याला हवी तेवढी एकच सुटेल असं नाही," तुम्ही म्हणालात, "किती द्यायचं, तेच तर बघतोय आपण." 'आपण' म्हणालात. मी त्या दिवशी भुसा बदलताना गाणं म्हणत होते.

आता घरातलं सांगते, जे तोवर मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. माझी थोरली जाऊ, तिला आम्ही आक्का म्हणायचो. लग्न होऊन मी आले तेव्हा तिला बरं नव्हतं. जात्यामागं एक बाई बसलीय आणि ती सारखी आपली नक्कल करतेय, असं तिला ऐकू यायचं. शिजवलेलं अन्न उकिरड्यावर टाकायची, एकदा तर उठून रंकाळा तळ्याच्या वाटेला लागली होती. गल्लीतले लोक आमचं दार आलं की पलीकडच्या अंगानं जायचे, पोरांना पदराआड घेऊन. मग मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं ठरल्या दिवशी दंडात सुई, आणि घरी रोज एक बारीक पांढरी गोळी, ती चुकवायची नाही असं सांगितलेलं. आक्का माणसात आली. भाकरी थापायला लागली, उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडताना असले चावट विनोद करायची की आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, मुसळ ठेवून आत जायच्या. मला पहिल्यांदा एक मोठी बहीण मिळाली, बाई. वर्ष दोन वर्षं असं सुखाचं गेलं.

मग ते नवरात्र आलं. आत्याबाईंचा उपवास कडक, आणि आक्का बरी झाली म्हणून त्या वर्षी तिनंही धरावा असं ठरलं. घट बसले त्या सकाळी आत्याबाईंनी गोळ्यांची डबी उचलली आणि देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवली. "सुई दंडातनं जाती, ती चालती," त्या म्हणाल्या, "गोळी तोंडातनं जाती. तोंडातनं गेलं की उपास मोडला." कुणालाच त्यात वाकडं दिसलं नाही. सुई तर नुकतीच टोचून झाली होती, मोठं औषध तेच, असं सगळ्यांना वाटायचं. आधी आक्का नुसती सावकाश झाली. वाती वळताना हात थांबायचा. चालताना हात हलेनात, अंगाला चिकटवल्यासारखे. चेहरा पुसून घेतलेल्या पाटीसारखा. मी म्हटलं, उपासानं थकली असेल.

एका दुपारी कामावरून येते तर दारात चपलाच चपला. आत बायकांची रांग. आक्का स्वयंपाकघरात त्याच फळीपाशी उभी, दोन्ही हात फळीच्या कडेवर, मान जरा वर. कपाळ हळदी-कुंकवानं भरलेलं, केसात शेवंतीची वेणी, ओटीत नारळ. शेजारीण मला बघून ओरडलीच, "आगं ये की! तुझ्या जावंनं उभं नवरात्र धरलंय! सकाळधरनं हलली न्हाई बघ." आमच्याकडं कुणी कुणी बाई तसा नवस करते, नवरात्रभर खाली बसत नाही. "आणि आपुन येडी येडी म्हणत हुतो," दुसरी म्हणाली, "हिच्यात तर आई आलीया." आक्काच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. एका बाईनं ती बोटावर घेतली आणि आपल्या तान्ह्याच्या कपाळाला लावली.

मी हात बघत होते. बोटं फळीवर, अंगठे खाली. ते हात माझ्या ओळखीचे होते, बाई. रोज बघत होते मी ते. काही विचार न करता मी पुढं झाले आणि तुम्ही करता तसा तिचा उजवा हात उचलून सोडला. तो तिथंच राहिला, वर, तळवा समोर. माझ्या पाठीमागं सगळ्या बायका एकदम "आई गं!" म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसल्या. त्यांना आशीर्वाद मिळाला होता. मी तो हात हळूच खाली आणला, तर आणला तिथं राहिला.

डबी काढून गोळी द्यायला गेले, पण दातखीळ बसलेली, पाणी हनुवटीवरून खाली. आत्याबाईंनी मला परसात ओढलं. "गप ऱ्हा. इतकी वर्सं लोक माझ्या दारावरनं वाट बदलून गेली. येडीचं घर म्हणत हुती. आज पाया पडाय आल्यात. दसऱ्यापातूर ऱ्हाऊ दे तिला तशी." मी म्हटलं, "आत्याबाई, ती देवी न्हाई. ती दांडीवर हाय." त्यांना काय कळणार त्यातलं. पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होत्या, आणि त्यांची हनुवटी हलत होती. दिवेलागणीला दोघींनी उचलून आक्काला आडवी केली, तर मान उशीला टेकेचना. उशीच्या वर, अधांतरी. सकाळी आत्याबाईंनीच तिला परत फळीपाशी नेऊन उभी केली.

त्या सकाळी तुम्ही मला पहिला पिंजरा आणायला सांगितलात. उंदराला सुई दिली, वेळ जाऊ दिला, दांडीवर ठेवला. तो राहिला. आणि मी भुशाच्या टोपलीवर बसून रडायला लागले. सगळं सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "गोळ्या चालू आहेत ना?" मी म्हटलं, "उपास हाय, बाई." तुम्ही घड्याळ मध्येच थांबवलंत. तसं तुम्हाला करताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरं औषध देऊन आधी त्या उंदराला खाली उतरवलंत, मग पांढरा कोट खुंटीला लावलात आणि रिक्षा बोलवायला सांगितलीत.

आमच्या दारात तुम्ही भांडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही चपला काढल्यात, रांगेतल्या बायकांनी वाट दिली, आणि तुम्ही आक्कासमोर वाकलात. पायाही पडलात, आणि उठताना मनगट धरून नाडीही बघितलीत. मग आत्याबाईंना म्हणालात, "देवीला जरा बाहेर न्यायचंय. मी स्वतः परत आणून पोचवते." सगळ्या आत्याबाईंकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता ही म्हातारी दारात आडवी पडते. त्या आत गेल्या आणि आपली घोंगडी घेऊन आल्या. "गार पडलीया ती," म्हणाल्या, "ह्ये घाला तिला."

रिक्षात आक्का आपल्या दोघींच्या मध्ये, हात पुढं धरलेले, समोर फळी असल्यासारखे. गल्लीभर लोक हात जोडत होते. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "देवीचं भाडं न्हाई घेत मी." डॉक्टर मात्र आपल्याला बघून तडतडले, गोळी कुणी बंद केली म्हणून, आणि लगेच तिच्या दंडात दुसऱ्या औषधाची सुई दिली; रोजची गोळी म्हणजे तेच औषध होतं. मग आपण बाकावर बसलो. तुमच्या हातात घड्याळ नव्हतं, तरी तुमचा अंगठा दाबल्यासारखा हलत होता. आधी आक्काची करंगळी हलली. मग सगळी बोटं. मग हात असे खाली आले, सावकाश, झाडावरून कुणी उतरतंय तसे. तिनं ओठ चाटले, आणि बोलली ते काय, "त्यो नारळ काढ गं माझ्या वटीतनं. कालधरनं टोचतोय." मी हसले का रडले, मला सांगता येत नाही.

पण पुढचं ती बोलली ते तुम्हीही विसरला नसाल. "मी आतच हुतो की गं. समदं ऐकू येत हुतं. हात खाली घ्यायचा म्हणायचो, तर हात माझा न्हवताच." बायका कानाशी येऊन काय काय मागून गेल्या, ते सगळं तिनं सांगितलं. शेजारणीला भावजयीची म्हैस आटायला हवी होती. एकीला सासू लवकर जायला हवी होती, आणि ती सासू मागंच रांगेत उभी होती! डॉक्टरसुद्धा हसले. मग आक्का आपल्या हातांकडं बघत म्हणाली, "आज फाटंचं आत्याबाई आलत्या. कुणी न्हवतं. माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाल्या, तुला काय पायजे ते घे, आई, पर माझी सून परत दे. मी आतनं वरडलो, अवो मीच हाय की. पर तोंड उघडंना." तुम्ही तिला विचारलंत, "घाबरला होतात?" ती म्हणाली, "घाबरून काय करणार, बाई? पळायला पाय कुठं हुतं?" तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मी पाहिलं. घंटी ऐकूनही बसून राहणाऱ्या उंदराची पेटी आठवली ना तुम्हाला? मलाही आठवली.

तुम्ही बोलल्याप्रमाणं तिला परत आणून पोचवलंत. आत्याबाईंनी त्या दिवसापासून गोळी स्वतःच्या हातानं द्यायला घेतली, पुढच्या नवरात्रातही. "बघ की, शाबुदाण्यावाणी तर दिसती," म्हणायच्या, "उपासाचीच हाय ही." गोळीनं आक्काचं तोंड वाळायचं, अंधुक दिसून सुईत दोरा ओवता येईना, तांब्या सतत जवळ. काही दिवसांनी तुम्ही आमच्या चुलीपुढं पाटावर बसून चहा प्यालात आणि तिला विचारलंत, ती जात्यामागची बाई परत आली का. आक्का म्हणाली, "हाय की. पर आता गल्लीच्या तोंडाला बसती. काय बोलती ते कळत न्हाई. बसंना का बापडी." तुम्ही कप खाली ठेवलात. "उंदीर हे सांगत नाहीत," तुम्ही म्हणालात, मला नव्हे, आक्काला नव्हे, चुलीला.

त्यानंतर एका सकाळी मी बादली घेऊन आले तर खोलीचं दार लोटलेलं आणि आतून बोलण्याचा आवाज. मला वाटलं कुणी साहेब आलेत. फटीतून बघितलं तर तुम्ही एकट्याच. दांडीवर उंदीर, एका हातात घड्याळ, आणि तुम्ही वाकून त्याच्या कानाशी सांगत होता, "उतरशील हं. थोडाच वेळ." मी तशीच मागं सरकले आणि मग लांबून बादलीची कडी वाजवत आले. तुम्ही कोट नीट करत होता. मला म्हणालात, "उशीर झाला तुला."

खोली नव्या इमारतीत गेली तेव्हा जुनी दांडी तुम्ही मला दिलीत, वेलीला आधार होईल म्हणालात. झालाही. तिच्यावर गोकर्ण चढलीय, कुंड्या बदलल्या, दांडी तीच. तुम्ही गेलात, आत्याबाई गेल्या, आक्काही म्हातारी होऊन, हसत हसत, माझ्या मांडीवर गेली. तिचे हात मी शेवटी खाली ठेवले, आणि ते राहिले खाली.

नात चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी पडद्याशी तोंड नेऊन बसले होते. "आज्जी, त्याच्याशी बोलतीस व्हय?" म्हणून हसली, आणि बटण दाबून त्याला उतरवलं. पोरगी गुणाची आहे. तुम्हाला आवडली असती. हे पत्र मी तिला दाखवणार नाही. टाकायचं कुठं तेही माहीत नाही, गोकर्णीच्या कुंडीखाली ठेवीन. एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. नवरात्रात पोरं मला चौकातल्या मंडपात नेतात, देवी उभी असते, एक हात वर, कपाळ भरलेलं, बायका कानाशी जाऊन मागत असतात. मी काही मागत नाही. माझी पाळी आली की पुढं होते आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणते, "दमलीस की गं. उतरशील हं, थोडाच वेळ." मग मागची बाई ढकलते तरी जराशी थांबते, तिच्या करंगळीकडं बघत.